मेणबत्ती घरच्या मोठ्यानं लावायची

मी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. नागपूर ते पारशिवनी आणि पारशिवनी ते नागपूर, सगळी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि रागही मोठा आहे. रिटायर झाल्यावर दोन्ही जरा खाली येतील अशी आमच्या ह्यांना आशा होती. बिचारे! अजूनही घरात चार पाहुणे जमले की माझ्या तोंडून निघतंच, "सरका, सरका, मागे जागा आहे."

गाडीत माझं भांडण ठरलेलं असायचं ते राखीव सीटवरून. म्हाताऱ्या माणसांच्या जागेवर एखादा धट्टाकट्टा पोट्टा झोपेचं सोंग घेऊन बसलेला आणि समोर एखादी आजी दांडा धरून हेलकावे खात उभी. मी आधी एकदा गोडीत सांगायचे, "उठ गा बाबू, सीट खाली कर." नाही उठला तर शिव्या देत बसायचे नाही. बेल मारून गाडी बाजूला उभी करायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हे साहेब उठले का निघू." मग अख्खी गाडी त्याच्याकडे पाहत बसायची. भल्याभल्यांची झोप उडायची बापा.

म्हातारपण म्हणजे काय ते मी त्याच गाडीत पाहिलं. एका मुलाच्या घरून दुसऱ्या मुलाच्या घरी थैली घेऊन जाणारी माणसं दर महिन्याला भेटायची. एक महिना इकडे, एक महिना तिकडे, अशी वाटणी झालेली. एक आजोबा हसत हसत म्हणायचे, "मी पार्सलच होय बाई, हमाल लागत नाही येवढंच." मीही हसायचे आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायचे. घरी आल्यावर मात्र भाकरी गोड लागायची नाही.

तर ही गोष्ट गाडीतली नाही, आमच्या गल्लीतली आहे. आम्ही नागपूरच्या प्रताप नगरात राहतो. गल्ली अरुंद, गच्च्या समोरासमोर. सकाळी कपडे वाळत घालायला वर गेलं की पेपर वाचायची गरज नाही. कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाच्या घरी बाळ आलं, कोणाच्या नवऱ्याला नवीन नोकरी लागली, सगळं दोरीवर दिसतं. आम्ही बायका दोरी वाचण्यात पटाईत. आमचे हे म्हणतात, "तुम्हाले सीआयडीत घ्यायले पाहिजे."

समोरच्या घरात एक आजी राहते. गल्ली तिला मोठीमाय म्हणते. ती आणि तिचा नवरा, दोघांनी मिळून ते घर उभं केलं. नवरा गेला, आता मुलगा आणि सून. नातू शिकायला पुण्यात. विहारात वंदना म्हणायची ती मोठीमायनेच. आवाज असा खणखणीत की माइकवाल्याला काम नसायचं. आणि तिची ती पांढरी साडी! दर रविवारी विहारात नेसायची म्हणून शनिवारी भाताच्या पेजेची खळ देऊन दोरीवर टाकलेली. शनिवार कळायला आम्हाला कॅलेंडर लागत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ती साडी दोरीवरून गायब झाली. आम्ही सगळ्या जणी दोरी वाचून मोकळ्या झालो. "मोठीमाय पारशिवनीले गेली वाटते लेकीकडे." दर उन्हाळ्यात ती जायचीच. त्यांच्या दोरीवर मुलाच्या पँटी, सुनेचे ड्रेस आणि एक फुलाफुलांचा विटका गाऊन एवढंच दिसायचं. उन्हाळा सरला, शाळा उघडल्या. साडी काही आली नाही. "या खेपी लेकीनं ठेवूनच घेतलं," असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. इतक्या हुशार आम्ही.

आषाढ पौर्णिमा जवळ आली होती तेव्हा पारशिवनीहून मोठीमायच्या लेकीचा मला फोन आला. लग्नानंतर ही पोरगी माझ्याच गाडीने माहेरी यायची-जायची, माझा नंबर तिच्याकडे होता.

"काकू, जरा मायले फोन नेऊन देता का? भाऊ उचलतच नाही. उचलला का म्हणते झोपली आहे."

"अवं, माय तर तुह्याकडे आहे ना?"

"नाई काकू. माह्याकडे तर हिवाळ्यापासून आली नाही."

मी "पाहते" एवढंच म्हणून ठेवला आणि तशीच गच्चीवर गेले. समोरच्या दोरीवर तो विटका गाऊन होता. नीट पाहिला. सून चांगली उंचीपुरी आहे, हा गाऊन तिच्या पोटरीपर्यंतही आला नसता. मोठीमाय ठेंगणी. इतके दिवस ती समोरच होती, घरातच होती, आणि तो एकच गाऊन कधीतरी आठवड्यातून एकदा धुतला जात होता. म्हणजे अंघोळीचं काय असेल ते मी समजले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, केल्या होत्या त्या दिवशी. ताटलीत चार घेतल्या आणि समोर जाऊन बेल वाजवली. सुनेने दार अर्धंच उघडलं.

"मोठीमाय कुठी आहे वं?"

"झोपल्या आहेत काकू."

"दुपारच्या चार वाजता?"

"तब्येत बरी नसते त्यांची."

ती दारात आडवी उभी, पण मी कंडक्टर आहे, माणसांच्या बगलेतून पाहायची मला सवय. हॉलच्या पलीकडे मागच्या खोलीचं दार दिसत होतं आणि त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आतून कोणीतरी खोकलं. सून म्हणाली, "टीव्ही चालू आहे." वड्या घेतल्या, थँक्यू म्हणाली, दार लावून घेतलं.

घरी येऊन मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो काही विचारू नका. "मी पोलीस बोलावते. आत्ताच्या आत्ता बोलावते! सख्ख्या मायले कुलपात ठेवते हा बैताड!"

आमचे हे लसूण सोलत बसले होते. म्हणाले, "बोलाव ना. कायदा आहे, पोलीसही येतील. गरज पडली तर मीच फोन लावतो. पण आधी एकदा ती बाहेर निघून आली पाहिजे, सगळ्यांच्या समोर. तू आता जाऊन भांडशील, ते उद्या तिले भलत्याच गावी नेऊन ठेवतील. मग कसं समजन आपल्याले?"

"मग काय मूग गिळून बसू?"

"गाडीत काय करत होती तू? शिव्या देत होती का? गाडी थांबवत होती."

या माणसाशी लग्न करून मला कधी पस्तावा झाला नाही, तो अशा वेळांमुळे. एरवी पुष्कळदा झाला आहे.

आता आमच्यातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पावसाळ्याचे तीन महिने आम्हा बौद्धांचा वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात जमायचं, वंदना घ्यायची, ग्रंथ वाचायचा, मग कोणाकडून तरी खीर. त्या वर्षी विहाराच्या स्लॅबचं काम निघालं होतं, आत बसायला जागा नव्हती. त्यामुळे वाचन घरोघरी करायचं ठरलं, रोज एका घरी. आणि घरी वाचन असलं की बुद्ध आणि बाबासाहेब, दोन्ही फोटोंपुढची मेणबत्ती घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने लावायची आणि वंदनाही त्यानेच सुरू करायची. कुठे लिहिलेलं नाही हे, पण आमच्या गल्लीत अजून कोणी मोडलेलं नाही. माझ्या घरी सासूबाई होत्या तेव्हा त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी त्यांच्याच हाताने लावली जायची.

घरं ठरवायची मीटिंग झाली तेव्हा मोठीमायचा मुलगा आला होता. शहराच्या टोकाला, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो सुपरवायझर आहे. मी उभी राहिले आणि माझ्या गाडीतल्या आवाजात म्हणाले, "पहिला मान मोठीमायच्या घराले. इतके वर्ष विहारात वंदना तिनं दिली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमध्ये त्याला नाही म्हणता येईना. त्याचा चेहरा पाहून मला दया येत होती असं म्हणणार नाही, कारण आली नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत त्यांच्याकडे गेलो. हॉल चकाचक. सतरंज्या टाकलेल्या, फोटोंना हार, खिरीचा वास सुटलेला. मुलगा फोटोंजवळच्या दिवाणावर बसलेला, सून पाण्याचे ग्लास फिरवत होती. मोठीमायचा पत्ता नाही. सगळे बसले. मुलाने काडेपेटी हातात घेतली.

"थांब गा," मी म्हणाले. "घरच्या मोठ्यानं लावायची असते."

"मीच आहे ना काकू मोठा."

"मोठीमायचं काय?"

"तिची तब्येत बरी नाही. तिले बसवत नाही."

"काही हरकत नाही. आपण थांबू. आम्हाले कोणालेच घाई नाही."

आणि मी हात जोडून, मांडी घालून बसून राहिले. माझ्याकडे पाहून आमचे हे बसले. मग गल्लीतल्या बायका, मग त्यांचे नवरे. कोणी भांडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. मेणबत्तीशिवाय वंदना नाही, वंदनेशिवाय वाचन नाही, आणि वाचनाशिवाय कोणी उठणार नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मुलगा एकदा फोटोंकडे पाही, एकदा दाराकडे. गाडी उभी होती.

शेवटी सूनच आत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला.

ती मोठीमायला धरून घेऊन आली आणि मला वाटलं, आपण हिला रस्त्यात पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. तोच गाऊन, वरून घाईत टाकलेली ओढणी. एवढा मोठा अंबाडा होता तिचा, तो पार कापून टाकलेला, पोरांसारखे केस. नखं वाढलेली. अंगाला वास येत होता. इतकी माणसं पाहून ती दारातच बावरली आणि मागे वळू लागली. मी उठले, तिचा हात धरला. मुलगा तसाच दिवाणावर दगडासारखा बसलेला.

मग मात्र माझा ताबा सुटला. "उठ गा," मी ओरडले, "सीट खाली कर! मायची जागा आहे ते!"

तो ताडकन उठला. मोठीमायला मी दिवाणावर बसवलं, काडी पेटवून तिच्या हातात दिली आणि तिचा हात माझ्या हातात धरला. वात पेटली. ज्योतीकडे ती जरा वेळ पाहत राहिली. तिने हात जोडले आणि त्रिशरण सुरू केलं. आवाज बारीक झाला होता, तरी एक शब्द चुकला नाही. आम्ही मागून म्हणत गेलो. बायका रडत होत्या, मीही रडत होते आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

वाचन झालं, खीर झाली. लोक चपला शोधायला लागले. मोठीमायही उठली आणि तिने माझा पदर धरला.

"मलेही घेऊन चाल वं," ती म्हणाली. "लय दिवस झाले या लोकांकडे राहून. आता घरी जायचं आहे."

मुलगा पुढे आला. "माय, हे तुह्यंच घर होय ना."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "माह्यं घर? मग दाराले कुलूप काहून लावता गा?"

तो खाली बसला. धाडकन नाही, हळूच, भिंतीला टेकत. तिच्या पायाशी बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. सून खिरीचं पातेलं हातात घेऊन उभी होती, ती स्वयंपाकघरात पळाली. मी तिच्यामागे गेले.

"आम्ही मारत नाही काकू," ती हुंदके देत म्हणाली. "उपाशी नाही ठेवत. दोन्ही वेळ ताट देतो."

"मारलं नाही म्हणजे उपकार केले का? चारा-पाणी तर गोठ्यातल्या ढोरालेही भेटते!"

मग तिने सांगितलं. मोठीमाय विसरायला लागली होती. एकदा गॅस चालू ठेवून गच्चीवर जाऊन बसली. एकदा निघून गेली ती चौकात ट्रकांच्या मधोमध उभी. ही दुकानात नोकरीला, तो वाडीला. दिवसभर घरी कोणी नाही. साडी नेसवली की मोठीमाय सोडून टाकायची, म्हणून गाऊन. केस विंचरू देत नव्हती, म्हणून कापले. अंघोळीला नेलं की ओरडायची, म्हणून अंघोळ आज नाही, उद्या. कुलूप सुरुवातीला फक्त दुपारपुरतं होतं. "लोक काय म्हणतील म्हणून कोणालेच सांगितलं नाही. नणंदेलेही नाही," ती म्हणाली.

माझा राग होता तिथेच होता, पण मी पाण्याचा ग्लास भरून तिच्या हातात दिला. "थकली हे मले समजते," मी म्हणाले. "थकणं काही गुन्हा नाही. पण कोंडून ठेवणं गुन्हा आहे, आणि तो घरातल्या घरात केला तरी गुन्हाच आहे. सांगितलं असतं तर गल्ली मेली होती का?" ती घोट घोट पाणी पीत राहिली. मीही मग जास्त ताणलं नाही. पण बाहेर जाताना ते कुलूप आणि किल्ली दोन्ही माझ्या थैलीत टाकलं. आणि मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं, "हे पुन्हा दिसलं तर मी वंदनेले नाही येणार, पोलीस घेऊन येणार."

दुसऱ्या दिवशी पारशिवनीहून लेक आली. आली ती भावावर तुटूनच पडली, आणि मी तिला पोटभर तुटू दिलं. मग बहीण-भाऊ दोघं मिळून मायला डॉक्टरकडे घेऊन गेले. विसरण्याचा आजार आहे, बरा होत नाही, पण असं सांभाळा, तसं सांभाळा, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पडून पडून पाठीवर जखमा झाल्या होत्या, त्यांना मलम दिलं. ती लेक महिन्यातून काही दिवस येऊन राहते आता. आली की गल्लीत आधी माझ्याकडे येते आणि मायची सगळी खबर घेते.

बाकीचं गल्लीने वाटून घेतलं. वाटून घेतलं म्हणजे आम्ही काही पुण्य केलं नाही, दोरी वाचणाऱ्या बायका रिकाम्याच असतात दुपारी. मुलगा-सून कामाला गेले की मोठीमाय आमच्याकडे येते. अंघोळीसाठी ती कोणाचं ऐकते तर माझं, कारण मी ओरडते आणि तिला ओरडणं आवडतं, असा माझा समज आहे. आमच्या ह्यांना ती रोज नव्याने ओळखते. कधी हे मीटर वाचायला आलेले असतात, कधी तिचा धाकटा भाऊ असतात. भाऊ असले की खैर नाही. "जेवला का गा? किती वाळला! बायको वाढत नाही का?" असं माझ्यासमोरच विचारते आणि हे मान खाली घालून म्हणतात, "नाई ना माय, कुठी वाढते!" दोघं तुरीच्या शेंगा सोलतात, अर्ध्या सोलता सोलता खातात. मी दोघांनाही रागावते आणि मला फार बरं वाटतं.

सून बदलली का? बदलली थोडी. कधीकधी तिचा आवाज चढतो, मला इकडे ऐकू येतो. मग मी खिडकीतून नुसती विचारते, "काय झालं वं?" आणि ती म्हणते, "काही नाही काकू, या ना जरा." आता बोलावते, ही गोष्ट काही लहान नाही. त्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शनिवारी ती गच्चीवर आली तेव्हा तिच्या हातात पेजेची बादली होती. खळ किती घट्ट द्यायची ते तिने मला ओरडून विचारलं. मी इकडून ओरडून सांगितलं. साडीचं एक टोक तिने धरलं, दुसरं तिच्या नवऱ्याने, आणि दोघांनी झटकून ती पांढरी साडी दोरीवर टाकली. आजूबाजूच्या गच्च्यांवर आम्ही सगळ्या जणी कपडे वाळत घालायचं सोडून उभ्या होतो.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. शेवटचं वाचन आमच्या घरी होतं. मोठीमाय लेकाचा हात धरून आली, पांढरी साडी नेसून, आखूड केसांना तेल लावून. आमच्याही घरची मेणबत्ती मी तिच्याच हाताने लावून घेतली. आमचे हे कुरकुरले, "या घरात मोठा मी आहे." मी म्हटलं, "तुम्ही मीटर वाचणारे." सगळे हसले, तीही हसली, कशाला ते तिला कळलं नसेल.

खीर झाल्यावर लोक निघाले. पदर धरायची वेळ या खेपेस माझी होती. मी तिला म्हटलं, "मोठीमाय, राहून जाय ना आज आमच्याकडे."

तिने माझा हात सोडवला. दारात तिचा मुलगा चपला घेऊन उभा होता, त्याने खाली बसून तिच्या पायात घातल्या.

"नाई बापा," ती मला म्हणाली, "उशीर झाला. आमचे लोकं वाट पाहून राहिले असतील." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चाल गा, घरी जाऊ."

तो तिला धरून हळूहळू रस्ता ओलांडून गेला. मी फाटकात उभी राहून पाहत होते. समोरचं दार उघडंच होतं.